गटाचं कोण बघेल?

ताई, नमस्कार. मी मूळचा औसा तालुक्यातला, गेली अकरा वर्षं अमेरिकेत, सध्या डॅलसला. मुलगी सहा वर्षांची, मुलगा चार महिन्यांचा. बायकोची रजा डिसेंबरअखेर संपते, म्हणून जानेवारी ते जून आई-बाबांना इकडं आणायचं ठरवलंय. दोघांकडं व्हिसा आहे, तिकिटाचे पैसे बाजूला काढलेत. अडचण बाबांची आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेत, शुगर आहे. यायचं नाव काढलं की म्हणतात, तूर कोण काढणार? मागच्या खेपेला दीड महिन्यातच 'मला लातूरच्या गाडीत बसवून दे' म्हणायला लागले होते. या वेळी मी त्यांच्यासाठी मराठी चॅनेल घेतलेत, इथल्या मंडळातल्या ज्येष्ठांशी ओळखी काढून ठेवल्यात, शेत बटईनं द्या म्हणूनही सुचवलं. तरी ऐकत नाहीत. आईचा काही प्रश्न नाही, ती कुठंही रमते. फक्त ती बचत गटाची सचिव आहे आणि मार्चला हिशोब असतो असं म्हणत होती, पण ते कुणीतरी बघेल. इथलं डेकेअर परवडण्यासारखं नाही. बाबांचं मन कसं वळवू?

— औशाचा, डॅलसहून

बाबांचं मन वळवायला मी तुला मदत करणार नाही. त्यांना यायचं नाही, ते तसं तोंडावर सांगतात, तू ऐकतोस, चॅनेल घेतोस, ओळखी काढतोस, वर मला पत्र लिहितोस. त्यांचं बरं चाललंय.

मी अडले ती 'पण ते कुणीतरी बघेल' या वाक्यापाशी. कोण बघेल रे? नाव सांग.

सांगता येणार नाही तुला, कारण आई त्या गटात नेमकं काय करते हे तू कधी विचारलेलंच दिसत नाही. मग मीच सांगते. गटात दहा ते वीस बायका असतात. नियमित बैठक, नियमित बचत, आपसात कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख नोंदी ही गटाची पंचसूत्री. बँक कर्ज देताना गट या पाचांत कसा आहे ते बघते. पाचातलं शेवटचं काम सचिवाचं, आणि ते बिघडलं की बाकीची चार कागदावर सिद्ध करता येत नाहीत. बँकेतून पैसे काढायच्या स्लिपवर ज्यांच्या सह्या लागतात त्यांत बहुतेक ठिकाणी सचिव असतेच. ती सही बदलायची तर बैठकीत ठराव घ्यावा लागतो, तो बँकेत द्यावा लागतो, नवीन बाईचे कागद द्यावे लागतात. शेजारणीला 'जरा दुधावर लक्ष ठेव' म्हणावं तसं हे काम सोपवता येत नाही. आणि तू त्यांना नेणार जानेवारीत! वर्षाचा हिशोब लागायचा, व्याज वाटून घ्यायचं, बँकेचे हप्ते मार्चअखेर जुळवायचे, ते सगळं तिच्या माघारी.

मी अशा बैठकांना बसलेय. ओसरीवर सतरंजी, मधोमध कुलपाची पत्र्याची पेटी, भिंतीला टेकून म्हाताऱ्या, दारात पोरं. एका गावात साठीतल्या सचिव होत्या, चष्म्याची एक काडी मोडलेली, तिथं दोरा बांधलेला. पासबुकातल्या प्रत्येक ओळीखाली बोट धरून त्या आकडा मोठ्यानं वाचायच्या आणि जिचा आकडा तिच्याकडं बघायच्या. मध्येच बोट थांबलं. कुणाच्या तरी हप्त्यात वीस रुपये कमी होते. ती बाई म्हणाली, पुढच्या वेळी देते की. सचिव काही बोलल्या नाहीत, बोटही उचललं नाही. शेवटी त्या बाईनं कनवटीचे वीस रुपये काढून सतरंजीवर ठेवले, तेव्हा बोट पुढं सरकलं. उशिरा आलेल्या सरपंचाच्या सुनेकडून दंडही त्यांनीच घेतला होता. तुझ्या आईच्या जागी कुणाला बसवायचं असेल तर असं बोट असलेली बाई लागेल. गावात अशी दुसरी असेलही, पण ती आईलाच ठाऊक असणार.

शिवाय तू औसा तालुक्यातला. किल्लारी तुझ्याच तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तू लहान असशील, पण आई तेव्हा ऐन तारुण्यात होती. भूकंपानंतर घरं उभारायच्या कामात लातूर-धाराशिवच्या गावोगावच्या बायका पहिल्यांदा चारचौघांत बोलायला उभ्या राहिल्या, सिमेंटच्या गोण्या मोजायला लागल्या, इंजिनिअरला प्रश्न विचारायला लागल्या. त्या भागातल्या बायकांच्या कितीतरी गटांची मुळं त्याच काळात आहेत. २०११ पासून राज्य सरकारचं 'उमेद' अभियान आलं, गटांना सरकारी चौकट मिळाली. तुझी आई यात कधी शिरली ते मला माहीत नाही. तुला माहीत आहे का?

मार्चनंतरचंही बघ. उन्हाळा लागला की गटाच्या बायका कुरडया, पापड, शेवया, येसर, काळा मसाला यांत बुडालेल्या असतात. जत्रेत आणि तालुक्याच्या प्रदर्शनात स्टॉल लावायचा, पुण्याच्या ऑर्डरी पोचवायच्या. सबंध वर्षाची कमाई या दोन-अडीच महिन्यांत. आईचा गट हे करत नसेल तर सोडून दे, पण करत असेल तर जानेवारी ते जून म्हणजे बाईचा हंगामच बुडवलास. बाबांची तूर तुला दिसते, कारण ती शेतात उभी असते.

मागच्या खेपेचं तू लिहिलंस की बाबा दीड महिन्यात कंटाळले. त्या दीड महिन्यात आई काय करत होती? एक ओळ नाही. मीच अंदाज करते. सकाळी नातीचा डबा, मग भाकरी, मग बाबांची गोळी, मग भांडी, संध्याकाळी पुन्हा तेच. गावात हीच बाई एसटीनं औशाला जाते, बँकेतल्या साहेबाशी वाद घालून येते, येताना बाजार करते. तुझ्याकडं तिला जुडीभर कोथिंबीर हवी असली तरी तुझा शनिवार मोकळा व्हायची वाट बघावी लागते. ती तक्रार करत नाही, म्हणून तू लिहून टाकलंस, 'कुठंही रमते'.

आता राग येईल असं विचारते. डेकेअर परवडत नाही हे तू पत्राच्या शेवटी लिहिलंस. ते पहिलं असायला हवं होतं. बाबा आले तर त्यांच्यासाठी चॅनेल आणि मंडळ, आई आली तर तिच्यासाठी चार महिन्यांचं बाळ. त्यांना तू पाहुणे म्हणून बोलावतोयस आणि तिला कामाला. तू वाईट मुलगा आहेस असं मी म्हणत नाही. वाईट मुलं तिकिटाचे पैसे बाजूला काढत नाहीत. पण चांगल्या मुलाच्या तोंडचं 'आईचा काही प्रश्न नाही' फार सहज खपून जातं, आणि मला ते खपवून घ्यायचं नाहीये. सूनबाईंच्या नोकरीची अडचण खरी आहे, पण ती तुम्हा दोघांची. जानेवारीपासून डेकेअर लाव. आई आल्यावर बाळ तिच्या मांडीवर असेलच, फक्त तिला तिथं कामाच्या तासांचं वेळापत्रक नको.

आणि हे सहा महिने कुणी ठरवले? विमानतळावर पर्यटक व्हिसावाल्यांना साधारण सहा महिन्यांपर्यंत राहायची मुभा मिळते, म्हणून आपल्याकडच्या सगळ्यांचे आई-बाप सहा महिन्यांसाठीच जातात. मिळतात म्हणून शेवटच्या दिवसापर्यंत ठेवायचं, वर 'मुदत वाढवून घेऊ का' म्हणूनही विचारायचं! तुझ्याकडं त्यांचे व्हिसा आहेतच. तीन महिने येऊन जातील, परत येतील. एवढ्या वर्षांत तू किती आठवडे गावी राहिलास, तेही जरा मोजून बघ.

तर करायचं एवढंच. येत्या रविवारी फोन लाव. बाबांच्या फोनवर नको, आईच्या. इकडं सकाळी दहाची वेळ धर, म्हणजे तुझी शनिवारची रात्र. बाबा तेव्हा पारावर असतील. विचार, 'आई, गटाचं सगळं बघून तुला कोणते महिने जमतील?' आणि मग तोंड बंद ठेव. ती म्हणेल, 'तुझ्या सोयीनं बघ बाबा.' ते उत्तर धरायचं नाही. पुन्हा विचार. हिशोब कोणत्या तारखेला संपतो, ऑर्डरी कधीपर्यंत असतात, तुझ्या माघारी सही कोण करेल, हे विचार. पहिल्यांदा हसेल, दुसऱ्यांदा म्हणेल, 'तुला कामून एवढी चौकशी रे?' तिसऱ्यांदा खरं बोलेल. माझा अंदाज, म्हणेल की उन्हाळ्याची कामं उरकली की येते, आणि महालक्ष्म्या बसायच्या आत मला घरी सोड. तेवढेच दिवस. त्यांत आठवडासुद्धा वाढवायचा नाही. परतीची तारीख असलेलं तिकीट छापून दोन महिने आधी तिच्या हातात दे, म्हणजे बैठकीत सतरंजीवर ठेवून तिला सांगता येईल की अमक्या तारखेला मी पुन्हा इथं बसणार.

बाकीचं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, तरी दोन गोष्टी. बाबांची शुगर आधीपासूनची आहे, तेव्हा विमा घेताना जुन्या आजाराबद्दलची अट नीट वाच, नुसता हप्ता बघून घेऊ नकोस. गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट आणि हातातल्या पिशवीत. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याचा नोव्हेंबर मात्र या महिन्यांत मध्ये येत नाही. येसर आणि कुरडया आण म्हणावं, विमानतळावर काय आणलंय ते खरं सांगायचं. तुरीचं बी वगैरे बाबांनी पिशवीत कोंबू नये.

राहिले बाबा. त्यांना काही समजावू नकोस, चॅनेलही दाखवू नकोस. आईचं एकटीचं तिकीट काढ आणि त्यांना नुसतं सांग, आई अमक्या तारखेला निघतेय, तुम्ही तूर बघा. भाकरी कोण करणार हा प्रश्न त्यांना पडायला किती दिवस लागले, ते मला कळव.