मामाची पिवळी साडी आणि सासरचा शालू

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

पुण्याला तुझ्या आतेबहिणीचे लग्न झाल्यापासून जे तुझ्या मनात घोळत होते, ते तू काल विचारलेस. भारतातली नवरी लाल कपडे घालते असे इथे इंग्लंडमध्ये तुझ्या वर्गातल्या सगळ्यांना ठाऊक आहे, मग ताई पिवळी साडी का नेसली होती, आणि ती साडी मी, तिच्या मामाने, आणलेली असूनही लग्न लागताच तिने ती बदलली का? जेवताना दोन वाक्यांत सांगून संपणारी ही गोष्ट नाही, म्हणून लिहूनच उत्तर देतो. नवरीच्या वस्त्राचा रंग पाहण्याआधी ते तिला कोणी दिले, हे पाहावे लागते.

आपल्याकडे लग्नाच्या दिवशी वधू प्रथम आजोळची, म्हणजे मामाने आणलेली, पिवळी साडी नेसते. तिला अष्टपुत्री म्हणतात. पूर्वी ती साधी सुती असे, आता बहुतेक जण रेशमी घेतात. पण पिवळा रंग टिकून आहे, कारण हळदीशिवाय आपले कोणतेही मंगलकार्य सुरू होत नाही. ती साडी नेसून, कपाळाला मुंडावळ्या बांधून आणि हातांत हिरवा चुडा भरून ताई गौरीहरापाशी बसली होती आणि अन्नपूर्णेला अक्षता वाहत होती, हे तू जवळून पाहिलेस. तिथून तिला बोहल्यापर्यंत नेण्याचा मान मामाचा, म्हणून मी तिच्याबरोबर चालत होतो. मंगलाष्टके संपून अंतरपाट दूर होईपर्यंत ती आजोळच्या वस्त्रात असते. त्यानंतर वराकडची मंडळी तिला शालू आणि दागिने देतात, आणि होम, सप्तपदी हे पुढचे विधी ती सासरच्या वस्त्रात करते. तेव्हा माझी साडी तिने बाजूला ठेवली असे तू समजू नकोस. ती आधी नेसायची आणि मग बदलायची, असाच तो क्रम आहे, आणि ती बदललेली पाहताना मला फार समाधान वाटले. शालू कोणाकडे हिरवा असतो, कोणाकडे लाल. कोणी नऊवारी नेसते, कोणी सहावारी. त्यात घराघरांप्रमाणे फरक पडतो.

तुझ्या गुजराती मैत्रिणीच्या आईला विचारलेस, तर हीच रीत तुला वेगळ्या रंगांत सापडेल. त्यांच्याकडे मामाच्या घरून पानेतर येते, म्हणजे पांढरी रेशमी, लाल काठाची साडी. आणि सासरकडून येते ते लाल, जरीच्या चौकड्यांचे घरचोळे. पंजाबात मामा साडी देत नाही, पण लाल-पांढऱ्या बांगड्यांचा चुडा तोच आणतो आणि भाचीच्या हातांत भरतो. आईच्या माहेराने मुलीला लग्नात काहीतरी अंगावर घालावे, ही भावना इतक्या दूरदूरच्या प्रांतांत आहे, याचे मला मामा म्हणून विशेष अप्रूप वाटते.

दक्षिणेत वराकडच्या वस्त्राला अधिक मोल आहे. तमिळ ब्राह्मणांत वराकडून आलेली कूरै ही साडी नेसूनच वधू ताली, म्हणजे तिकडचे मंगळसूत्र, बांधून घेते. ही साडी मायिलादुतुरैजवळच्या कोरनाड या विणकरांच्या वस्तीवरून ओळखली जाते. ती मडिसार पद्धतीने नेसतात. तीही नऊ वारांची, म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर लांबीची, आणि आपल्या नऊवारीसारखीच कासोटा घालून. केरळातल्या नायर समाजात तर वराने वधूला वस्त्र देणे हाच लग्नाचा मुख्य विधी होता, आणि ते वस्त्र पांढरट, सोनेरी काठाचे असे. मंगळूरच्या कोंकणी कॅथलिक कुटुंबांत चर्चमधला पांढरा पोशाख आला, तरी वराकडून येणारी लाल साडी, ‘साडो’, राहिलीच.

लाल रंगाविषयी तुझ्या वर्गातले चुकीचे बोलत नाहीत. पंजाब, राजस्थान, बंगाल अशा मोठ्या प्रदेशांत वधू लालच नेसते. मात्र चित्रपटांतून आणि दुकानांतून लाल लेहंगा एवढा पसरला की आसामच्या वधूचा पाट आणि मुगा रेशमाचा मेखला-चादर, किंवा मणिपूरच्या वधूचा कडक, नळकांड्यासारखा उभा राहणारा पोतलोई हा घागरा, लोकांच्या डोळ्यांसमोर येतच नाही. याचे मला खरोखर वाईट वाटते.

प्रांतांमध्ये भिंती आहेत असेही समजू नकोस. ज्या शालूला आपण आपला म्हणतो, तो मुळात बनारसचे विणकाम आहे, आणि बंगाली वधूही बनारसीच नेसते. आपल्या मातीतली म्हणावी अशी साडी म्हणजे पैठणी. गोदावरीकाठचे पैठण आणि नाशिक जिल्ह्यातले येवले ही तिची गावे. 2010 साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. आजीची पैठणी पुढच्या खेपेस हातात घेशील तेव्हा पदर उलटून पाहा. मोर, कमळे आणि मुनिया पोपट मागच्या बाजूनेही जवळजवळ तितकेच स्वच्छ दिसतील, कारण प्रत्येक रंगाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, त्या त्या नक्षीपुरताच फिरवून शेजारच्या रंगात अडकवलेला असतो, आणि मागे लोंबणारे धागे राहत नाहीत. असे काम हातमागावरच होते आणि भरगच्च पदराला महिनेच्या महिने लागतात. यंत्रमागावरच्या स्वस्त नकलेत मागे सुटे धागे दिसतात. ताईसाठी साडी घेताना मी मुद्दाम हातमागाचीच घेतली. विणणाऱ्याला त्याच्या कामाचे पैसे मिळावेत, हा आहेराचाच एक भाग आहे असे मला वाटते.

वर्गात या विषयावर बोलणार असशील, तर प्रत्येक साडीबरोबर तिचा प्रांत आणि ती देणारा नातेवाईक, दोन्ही सांग. आईकडून तिच्या लग्नातल्या शालूचा फोटो मागून घे. तिची अष्टपुत्री तिच्या साताऱ्याच्या मामाने आणली होती, त्या साडीविषयी त्यालाच फोन करून विचार.

तुझा,
बाबा