भाताच्या खाचरातला वायू, नाल्यावरचा पालक: वाचकांचे प्रश्न

शेती, अन्न आणि पर्यावरण या विषयावर ठाणे-नवी मुंबईहून आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत. भाताचं उत्तर लांबलं आहे, पण ठाणे जिल्ह्याचं खरिपातलं मुख्य पीक तेच, म्हणून त्याला कात्री लावलेली नाही.

तुर्भ्याच्या मार्केटात नाशिकहून ट्रक भरभरून भाजी येते. एवढ्या लांबून आलेली भाजी न घेणं हाच पर्यावरणासाठी सगळ्यात चांगला उपाय ना? (कोपरखैरणे)

नाही. नाशिक ते तुर्भे साधारण १७० किलोमीटर. सात टन माल भरलेल्या ट्रकला तेवढ्या अंतराला तीसेक लिटर डिझेल लागतं. लिटरभर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे एका खेपेचा ८० किलो. भाजीच्या किलोमागे तो १२ ग्रॅमही भरत नाही. ट्रक रिकामा परतला असं धरलं, तरी २५ ग्रॅमच्या आतच. उलट तुम्ही दोन किलो भाजीसाठी स्कूटरवर जाऊन-येऊन १० किलोमीटर केलेत, तर किलोमागे अडीचशे ग्रॅम झाले!

जोसेफ पूर आणि थॉमस नेमेसेक या संशोधकांनी २०१८ मध्ये ११९ देशांतल्या सुमारे ३८ हजार शेतांची आकडेवारी एकत्र मांडली. त्यात अन्नामुळे होणाऱ्या एकूण उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा सहा टक्क्यांच्या आसपास निघाला. मोठा वाटा शेतातला, गोठ्यातला आणि जंगल तोडून केलेल्या जमिनीचा आहे. विमानाने येणारी फळं तेवढी याला अपवाद. त्यापेक्षा गोणीत कोंबलेला, दबून सडलेला माल बघा. तो पिकवायला लागलेलं खत, पाणी, वीज सगळं फुकट जातं. क्रेटमधून आलेला टोमॅटो घ्या आणि दोन दिवसांत संपेल एवढाच घ्या.

मुरबाडला आमचं दीड एकर भात आहे, काका बघतात. मुलगा म्हणतो, भातशेतीनेही हवा तापते. शेतात ना चिमणी ना धूर, मग वायू येतो कुठून? आणि काकांना नेमकं काय सांगू? (घोडबंदर रोड, ठाणे)

मुलाचं बरोबर आहे. खाचरात पाणी साचून राहिलं की मातीतला प्राणवायू थोड्याच दिवसांत संपतो. मग बिनहवेत जगणारे जिवाणू मातीतलं शेण, पालापाचोळा, जुनी मुळं कुजवतात आणि मिथेन सोडतात. चिखलात पाय टाकल्यावर जे बुडबुडे येतात त्यांत तो असतोच, पण बहुतेक मिथेन भाताच्या पोकळ काडीतून वर जातो. शंभर वर्षांचा हिशोब धरला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या २७-२८ पट उष्णता धरून ठेवतो.

काकांना आधी शेणखताचं सांगा. चिखलणीला अर्धकच्चं शेण टाकलं की या जिवाणूंना आयतं खाद्य मिळतं. खड्ड्यात पूर्ण कुजून काळं, भुसभुशीत झालेलंच खत घालावं. पेंढा गाडायचा असेल तर कापणी झाल्या झाल्या, जमिनीत ओल असताना गाडावा, म्हणजे पाणी साचायच्या कितीतरी आधी तो हवेशीर मातीत कुजून जातो.

मग पाणी. आषाढात खाचर सुकवणं कोणाच्याच हातात नाही. पण लावणीनंतर ३०-३५ दिवसांनी, फुटवे भरपूर आलेले असताना पावसाने उघडीप दिली, तर बांधाचं तोंड मोकळं करून पाच-सात दिवस पाणी साचू देऊ नये. मातीवर केसासारख्या बारीक भेगा दिसल्या की पुन्हा पाणी अडवावं. बोट जाईल एवढ्या भेगा पडेपर्यंत थांबलं तर मुळं तुटतात आणि पुढे खाचरात पाणी ठरत नाही. पोटरीपासून, म्हणजे लोंबी पानाच्या वेष्टनात भरू लागल्यापासून, फुलोरा संपेपर्यंत मात्र पाच सेंटिमीटर पाणी हवंच, नाहीतर दाणा पोचट राहतो.

उन्हाळी भात घेत असाल तर ३० सेंटिमीटर लांबीच्या रुंद पाइपाच्या खालच्या अर्ध्या भागाला भोकं पाडा, तो १५ सेंटिमीटर जमिनीत रोवा आणि आतली माती उपसून काढा. पाइपातलं पाणी तळाशी गेलं की मगच पाण्याची पुढची पाळी द्या. पोटरी ते फुलोरा सोडून बाकी काळात अशा पाळ्या दिल्या, तर मिथेन साधारण तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत कमी होतो, आणि पाणी नीट सांभाळलं तर उतारा घटत नाही.

सगळ्यात जास्त नासाडी युरियाची होते. उभ्या पाण्यात फेकलेल्या युरियातलं जेमतेम ३०-४० टक्के नत्र भाताला मिळतं. बरंचसं अमोनिया होऊन उडतं, काही पावसाबरोबर बांधावरून ओढ्याला जातं. युरिया फेकून लगेच खाचर सुकवलं तर त्यातून नायट्रस ऑक्साइड निघतो, आणि तो मिथेनपेक्षाही कितीतरी जहाल. म्हणून आमचा आग्रह भातलागवडीच्या चारसूत्री पद्धतीतल्या युरिया-डीएपी ब्रिकेटसाठी, म्हणजे ही दोन खतं दाबून केलेल्या गोळ्यांसाठी आहे. २५-१५-२५ सेंटिमीटरवर खुणा केलेल्या दोरीने, दोन्ही दिशांना तेच अंतर धरून लावणी करायची. त्यात चार चुडांचा (एका जागी लावलेल्या रोपांच्या जुडग्यांचा) १५ बाय १५ सेंटिमीटरचा चौकोन तयार होतो. त्याच्या मधोमध २.७ ग्रॅमची एक ब्रिकेट सात ते दहा सेंटिमीटर खोल दाबायची, लावणीच्याच दिवशी. दीड एकराला साधारण ३८ हजार ब्रिकेट, म्हणजे शंभरेक किलो लागतील. ओल्या हाताने धरली की ब्रिकेटचा लगदा होतो, म्हणून ती कोरड्या डब्यात ठेवून लागेल तशीच काढावी. दोरी न धरता लावणी झाली तर चौकोनच सापडत नाहीत, मजूर वैतागून मूठमूठ फेकतात, आणि मग ब्रिकेटचा काही उपयोग उरत नाही.

शहापूरकडे आमच्या गावात अजून राब भाजतात. हे बंद करावं का? (वागळे इस्टेट, ठाणे)

करावं, पण नुसतं ‘जाळू नका’ म्हणून होणार नाही. राब भाजणं म्हणजे भाताची रोपं जिथे वाढवायची ती जागा शेण, फांद्या, पाला पसरून जाळणं. राब भाजल्याने तणाचं बी मरतं आणि राख मिळते, म्हणून शेतकरी तो भाजतो. त्यासाठी शेण जळतं आणि झाडांच्या फांद्या छाटल्या जातात. पर्याय गादीवाफ्यांचा आहे: एक मीटर रुंद, आठ-दहा सेंटिमीटर उंच. गिरणीवरची तुसाची काळी राख चौरस मीटरला अर्धा ते एक किलो मातीत मिसळावी आणि बी ओळीत पेरावं. तणासाठी पहिल्या सरीनंतर लगेच पेरू नये. तण उगवू द्यावं, वरवर खरवडून काढावं आणि मग पेरावं. यात आठवडाभर जातो, तो आधीच हिशोबात धरावा.

रेल्वेलगतच्या मळ्यांतली भाजी स्वस्त मिळते, पण पाणी नाल्याचं असतं. मिठाच्या पाण्यात धुतली तर चालेल? (कळवा)

धुण्याने चिखल आणि पानावरचे काही जंतू जातात. नीट शिजवल्यावर उरलेले मरतात. पण नाल्यात कारखान्यांचं पाणी मिसळत असेल, तर त्यातलं शिसं, कॅडमियम मुळांवाटे पानात शिरलेलं असतं. ते मिठाने, व्हिनेगरने किंवा उकळून निघत नाही. पालक, माठ, मुळ्याचा पाला यांत ते जास्त साठतं, भेंडी-दुधीसारख्या फळभाज्यांत तुलनेने कमी. त्यामुळे तिथली पालेभाजी घेऊ नका, आणि कच्च्या खायच्या कोथिंबीर-मुळ्याला तर हातच लावू नका.

यात दोष मळेवाल्याचा समजू नये. नुसत्या घरगुती सांडपाण्यात नत्र-स्फुरद भरपूर असतं, आणि प्रक्रिया केल्यावर ते झाडांना चांगलंच असतं. खरा घात रसायनं त्याच नाल्यात सोडल्याने होतो, आणि तक्रार करायची ती त्याची.

सोसायटीच्या खतपेटीला घाण वास येतो, खालून पाणी गळतं. लोक बंद करा म्हणतात. (नेरूळ)

पेटीत ओलं जास्त आणि हवा कमी आहे. भाताच्या खाचरात जे होतं तेच इथेही चाललंय. बादलीभर ओल्या कचऱ्याला बादली-दीड बादली सुका पाला घाला, तोही प्रत्येक थराला. मिश्रण मुठीत दाबल्यावर एक-दोन थेंबच यावेत, धार लागली तर पाला वाढवा. दर चार-पाच दिवसांनी तळापर्यंत खालीवर करा. आंबट, कुजकट वास म्हणजे हवा नाही. नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास म्हणजे सुका पाला कमी पडला.

बहुतेक पेट्या जुलैत बिघडतात, कारण तेव्हा कोरडा पाला मिळत नाही. मार्च-एप्रिलमध्ये आवारात पडणारा पाला झाडून जाळू किंवा फेकू नका. गोणपाटात भरून छपराखाली ठेवा. करवंट्या, उरलेली आमटी आणि तेलकट रस्से पेटीत नकोत. दोनेक महिन्यांत मातीचा वास येऊ लागला की खत चाळा आणि कुंडीत मातीच्या चौथ्या हिश्श्याइतकंच मिसळा. अर्धकच्चं खत घातलं तर रोपं पिवळी पडतात.