नागपुरात मेडिकल कॉलेजबरोबर मिळून आरोग्य संशोधन करायचं असेल, तर वस्तीतल्या छोट्या संस्थेला निधी आणि प्रशिक्षण कुठून मिळेल?

तुम्ही लिहिलंय की उत्तर नागपुरात तुमचा दहा-बारा जणींचा गट आहे, सिकलसेल (आई-बापाकडून मुलांत येणारा रक्ताचा आजार) असलेल्या घरांमध्ये चार वर्षांपासून येणं-जाणं आहे, संस्था नोंदवलेली आहे पण मोठा निधी कधी हाताळलेला नाही. आता एखाद्या मेडिकल कॉलेजबरोबर अभ्यास करायचाय, तर पैसा कुठून येतो आणि शिकवतं कोण. मी बरीच वर्षं याच कामात आहे, आधी वस्तीच्या बाजूने आणि नंतर दोन्हीकडची कागदपत्रं सांभाळणारी समन्वयक म्हणून. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

निधीच्या आधी एक प्रसंग सांगते. एका कॉलेजच्या टीमने आमच्या वस्तीत रक्ततपासणी केली होती. बोटाला टोचून सोल्युबिलिटी टेस्ट म्हणजे सिकलसेलची प्राथमिक चाचणी, आणि ज्यांची पॉझिटिव्ह येईल त्यांचं शिरेतून रक्त घेऊन पुढच्या तपासणीला. घरं आम्ही जमवली, दारोदार आम्ही फिरलो, 'भिऊ नका, रिपोर्ट घरपोच देऊ' हेही आम्हीच सांगितलं. अभ्यास संपला, त्यावर लेख छापून आल्याचंही पुढे कानावर आलं. रिपोर्ट आले नाहीत. त्यानंतर वर्षभर एक आजी मला आठवडी बाजारात गाठायची. हातातली पिशवी खाली ठेवायची आणि विचारायची, "बाई, माह्या नातीचा कागद कुठी गेला?" डॉक्टर परत वस्तीत आलेच नाहीत, त्यामुळे त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नाही. मला विचारला, कारण मी तिथेच राहत होते.

तेव्हापासून माझं म्हणणं एकच आहे. पैसा कोण देतं ते शोधायच्या आधी, त्या पैशात वस्तीचा वाटा किती आणि निकाल परत कोण, कधी, कसा आणून देणार, हे प्रस्तावात लिहून घ्या. तोंडी नको. प्रस्ताव मंजूर झाला की बजेटमध्ये नवीन ओळ घालणं फार अवघड असतं, आणि 'बघू नंतर' म्हणणारे सर बदली होऊन जातात.

आता निधी. सगळ्यात आधी नाव येतं आयसीएमआरचं, म्हणजे केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचं. तिथे प्रमुख संशोधक हा कॉलेजात किंवा संशोधन संस्थेत नियमित नोकरीवर असावा लागतो. स्वयंसेवी संस्थेला स्वतःच्या नावाने अर्ज करायचा तर डीएसआयआर या केंद्र सरकारच्या संशोधन विभागाच्या मान्यतेचा कागद जोडावा लागतो, आणि तो तुमच्या-आमच्यासारख्या गटाकडे सहसा नसतो. म्हणजे व्यवहारात प्रस्ताव कॉलेजचा आणि तुम्ही सहभागी संस्था. यात कमीपणा काही नाही. पण सहभागी म्हणजे फॉर्म भरून आणणाऱ्या बायका एवढाच अर्थ होऊ देऊ नका. तुमच्यातल्या एकीचं नाव सह-संशोधक म्हणून घालता येतं का, हे पहिल्याच बैठकीत विचारा. क्षेत्रकार्यकर्त्यांचं मानधन, प्रवास, प्रशिक्षणाचे दिवस, निकाल सांगायच्या वस्तीबैठका, या चारही गोष्टी बजेटमध्ये वेगवेगळ्या ओळींत दिसल्या पाहिजेत. 'इतर खर्च' या ओळीत घातलेलं काम शेवटी फुकटात होतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

सीएसआरबद्दल, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीबद्दल, लोकांचा गैरसमज असतो. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 खाली ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. नागपुरात तर डब्ल्यूसीएल (कोळसा) आणि मॉईल (मँगनीज) या दोन सरकारी खाण कंपन्यांची मुख्यालयंच आहेत. पण हा पैसा आरोग्यसेवेसाठी मागणं सोपं, संशोधनासाठी मागणं अवघड, कारण कायद्याच्या यादीत संशोधनाचा पैसा मुख्यतः सरकारी निधीवर चालणाऱ्या संस्थांकडे जातो. म्हणून समुपदेशन, औषधासाठी पाठपुरावा, पेशंटला दवाखान्यात नेणं-आणणं असा सेवेचा भाग सीएसआरमधून आणि अभ्यासाचा भाग कॉलेजच्या निधीतून, अशी जोडणी करा. त्यासाठी आयकर सवलतीच्या 12ए आणि 80जी नोंदण्या, स्वयंसेवी संस्थांसाठीच्या सरकारी दर्पण पोर्टलवरची नोंद आणि सीएसआर-1 ची (सीएसआरचं काम घेणाऱ्या संस्थांची) नोंदणी आत्ताच करून ठेवा. एप्रिल 2021 पासून सीएसआर-1 नसलेल्या संस्थेमार्फत कंपनीला नवीन काम करता येत नाही.

परदेशी पैशाचं सांगायलाच हवं, कारण इथे चांगल्या माणसांचे हात पोळलेले आहेत. 2020 च्या दुरुस्तीनंतर एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली एका संस्थेने घेतलेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, दुसऱ्या संस्थेकडे एफसीआरएची नोंदणी असली तरीही. त्यामुळे 'परदेशी विद्यापीठाचा प्रोजेक्ट एका ट्रस्टला मिळाला, त्यातला तुमचा वाटा तुमच्या खात्यात टाकतो' असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा. शिवाय परदेशी सहभाग असलेल्या आरोग्य संशोधनाला आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते, त्यात वेळ जातो. पहिला अभ्यास देशी पैशावरच करा.

आणि खरं सांगू का, पहिल्या अभ्यासाला फार पैसा लागतच नाही. नागपुरातली मेडिकल, मेयो किंवा एम्स ही सरकारी कॉलेजं घ्या, कुठेही पीएसएम म्हणजे कम्युनिटी मेडिसिनचा विभाग असतो. तिथल्या एमडीच्या विद्यार्थ्याला तीन वर्षांत थीसिस करावाच लागतो आणि तो विषयाच्या शोधात असतो. एमबीबीएसच्या मुलांसाठी आयसीएमआरची एसटीएस ही छोटी शिष्यवृत्ती आहे, दोन महिन्यांच्या कामासाठी. मातृसेवा संघ किंवा तिरपुडे महाविद्यालयातली एमएसडब्ल्यूची (समाजकार्याची) मुलं फील्डवर्कसाठी संस्था शोधतात. यांच्यापैकी एकाबरोबर एक लहान अभ्यास पूर्ण करा. तोट्याची बाजूही सांगते: थीसिस झाला की तो विद्यार्थी जातो. म्हणून नातं विद्यार्थ्याशी नको, त्याच्या गाईडशी जोडा, आणि भरलेल्या फॉर्मची एक प्रत, नावं काढून, तुमच्याकडे राहील हे ठरवून घ्या.

अमेरिकेत पीकोरी नावाची संस्था काही वर्षं पहिल्या टप्प्याला 15,000 डॉलरपर्यंत देत असे, तेही संशोधनासाठी नाही. पेशंट, वस्ती आणि संशोधक यांनी एकत्र बसून प्रश्न ठरवावा, एवढ्यासाठी. मला ही कल्पना फार पटते. आपल्याकडे हा टप्पा पदरमोड करूनच पार पडतो. म्हणून त्या सहा-आठ बैठकांचा चहा-नाश्ता, रिक्षाभाडं, बुडालेली रोजी, सगळं वहीत लिहून ठेवा. पुढच्या प्रस्तावात हीच वही दाखवून तुम्हाला पैसे मागता येतील.

प्रशिक्षणाकडे येते. कागदोपत्री प्रशिक्षण मिळणं सोपं आहे. आयसीएमआरच्या चेन्नईच्या एनआयई या साथरोगशास्त्र संस्थेचा आरोग्य संशोधनाच्या मूलतत्त्वांवरचा ऑनलाइन कोर्स आहे. शिकायला पैसे पडत नाहीत, प्रमाणपत्राच्या परीक्षेला फी असते. तो इंग्रजीत आहे, म्हणून तुमच्यातल्या दोघी-तिघींनी करावा आणि बाकीच्यांना मराठीत सांगावा. आम्ही तसंच केलं, रविवारी दुपारी, बुद्धविहाराच्या हॉलमध्ये. सांगणारीलाच ते जास्त पक्कं समजतं.

बिनडिग्रीच्या बायकांना संशोधनातलं काय जमणार, असं कुणी म्हणालं तर त्यांना गडचिरोलीचं उदाहरण द्या. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने 39 गावांमध्ये गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूदर 62 टक्क्यांनी खाली आला आणि 1999 मध्ये ते लॅन्सेटमध्ये छापून आलं. सेवाग्रामलाही जाऊन या, नागपूरपासून दीड-दोन तासांवर आहे. तिथल्या 1969 पासूनच्या मेडिकल कॉलेजात एमबीबीएसची प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते. डॉक्टर होणाऱ्या मुलाने गावात कसं बसावं, कसं बोलावं, हे तिथे बघायला मिळतं.

कारण प्रशिक्षण फक्त तुम्हालाच हवंय असं नाही. आमच्या एका अभ्यासाच्या प्रश्नावलीत प्रश्न होता: 'गेल्या सहा महिन्यांत तीव्र वेदनेचे किती प्रसंग उद्भवले?' पहिल्या दिवशी जवळजवळ प्रत्येक घरात उत्तर आलं, "काही नाही." कॉलेजवाले खूश, त्रास कमी दिसतोय म्हणून. आमच्यातली एक जण, आठवी शिकलेली, संध्याकाळी म्हणाली की हा प्रश्न कोणाला कळलाच नाही. दुसऱ्या दिवशी तिने त्याच घरात, त्याच आईला विचारलं, "पोरगं हातपाय ठणकते म्हणून रात्री किती खेपा रडत उठलं? मेडिकलला किती चकरा झाल्या?" आई बोटं मोजायला लागली. दिवाळीला एकदा, पावसात भिजला तेव्हा, मग परीक्षेच्या आधी सलाईन लावली तेव्हा. पहिल्या दिवशीचे सगळे फॉर्म आम्ही परत भरले. अभ्यासाच्या प्रमुख मॅडमनी त्यानंतर प्रश्नावलीचं शेवटचं वाचन वस्तीतल्या बायकांसमोर करायचं ठरवलं, आणि ते आजही करतात.

तारखाही तुम्हीच ठरवा. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सर्वेक्षण ठेवलेलं मी पाहिलंय. आंबेडकर जयंतीच्या तयारीत कोण फॉर्म भरायला बसणार, आणि नागपूरच्या उन्हात दुपारी कोण दार उघडणार?

एथिक्स कमिटीला, म्हणजे अभ्यासात लोकांवर अन्याय होत नाही ना हे तपासणाऱ्या समितीला, घाबरू नका, तिचा उपयोग करून घ्या. 2019 च्या नियमांनुसार आरोग्य संशोधन तपासणाऱ्या या समितीची नोंदणी लागते, त्यात किमान सात सदस्य असतात आणि त्यातला एक सामान्य नागरिक असावा लागतो. आयसीएमआरची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं तर सांगतात की ही व्यक्ती ज्या समाजात अभ्यास होतोय त्यातलीही असू शकते. कॉलेजला तुमच्या गटातल्या एखाद्या जाणत्या बाईचं नाव सुचवा. मात्र तुमचा स्वतःचा प्रस्ताव समोर आला की तिने त्या बैठकीतून बाहेर बसायचं.

आता विषयाबद्दल. पंतप्रधानांनी 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू केलेल्या सिकलसेलच्या राष्ट्रीय मोहिमेत 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट आहे. चंद्रपूरला आयसीएमआरचं हिमोग्लोबिनच्या (सिकलसेलसारख्या) आजारांवरचं केंद्र आहे. तेव्हा 'आम्हाला तपासणी करायची आहे' असा प्रस्ताव नेऊ नका, ते काम सरकार करतंय. तपासणीच्या नंतर घरात काय होतं, हा प्रश्न तुमच्याकडे आहे आणि त्यांच्याकडे नाही. आई-बाप दोघंही वाहक (स्वतःला आजार नाही, पण तो मुलांकडे जाऊ शकतो असे) असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता 25 टक्के, हे पुस्तकात आहे. पण आम्ही कॉलेजच्या लोकांना घेऊन पहिल्यांदा बायकांमध्ये बसलो आणि 'तुम्हाला काय जाणून घ्यायचंय' असं विचारलं, तेव्हा सिकलसेलवरच्या हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्यांबद्दल कुणीच बोललं नाही. कोपऱ्यातल्या एका आईने विचारलं, "पोरगी वाहक निघाली तर पाहुण्यांना कधी सांगाचं? पसंतीच्या आधी का सोयरीक ठरल्यावर?" हॉलमधल्या डॉक्टरांपैकी कुणाकडेही उत्तर नव्हतं. आमचा पुढचा अभ्यास त्याच प्रश्नावर झाला, आणि त्याच्या करारात रिपोर्ट 30 दिवसांत घरी, बंद पाकिटात, समजावून सांगणाऱ्या बाईच्या हातून पोचेल असं कलम आम्ही घातलं.

तुम्ही कोणत्या कॉलेजशी बोलताय आणि त्यांनी कराराचा मसुदा दिलाय का, ते खाली लिहा. मसुदा असेल तर सही करण्याआधी बजेटचं पान मला दाखवा, मी वाचून सांगते.