ब्रेस्ट इम्प्लांट ३०० सीसीचं घ्यावं की ३५०? नाशिकमध्येच करणार आहे.

सीसीचा (म्हणजे मिलिलिटरचा) आकडा घरून ठरवून जाऊ नका. सर्जनने तुमच्या स्तनाच्या तळाची (छातीला टेकलेल्या भागाची) रुंदी मोजली की ३०० की ३५० हे बरंचसं तिथेच ठरतं. मी गंगापूर रोडवर एका प्लास्टिक सर्जनकडे नर्स आहे, हे मोजमाप नेहमी बघते. टेपने आडवी रुंदी घेतात, मग त्वचा चिमटीत धरून जाडी पाहतात. इम्प्लांट त्या रुंदीपेक्षा मोठं असेल तर कड बगलेकडे हाताला लागू शकते, आणि पातळ त्वचा जड इम्प्लांटच्या वजनाने पुढे ताणली जाते, स्तन ओघळतात. 'सी कप करून द्या' म्हणून भागत नाही, कपचं माप ब्रँडगणिक बदलतं. ब्रामध्ये सायझर (इम्प्लांटच्या मापाचा नमुना) घालून, वर तुमचा रोजचा कुर्ता चढवून आरशात बघा; चाला, वाकून बघा, घाई करू नका. ५० सीसी म्हणजे साधारण तीन-साडेतीन मोठे चमचे, त्यासाठी झोप घालवू नका. मात्र लवकरच बाळाचा विचार असेल किंवा वजन कमी-जास्त होत असेल, तर आत्ता थांबा, कारण नंतर स्तनांचा आकारच बदलतो.