वाचकांचे प्रश्न: संगीताची पदवी की ड्रम कोअरचा उन्हाळा?

प्रश्न : ताई, आमची मुलगी बारावीत आहे. शाळेच्या ऑर्केस्ट्रात ती फ्रेंच हॉर्न वाजवते आणि मार्चिंग बँडमध्ये मेलोफोन, म्हणजे मैदानावर हॉर्नच्या जागी वाजवतात ते वाद्य. आमच्याच राज्यातल्या विद्यापीठात तिला संगीत-शिक्षणाच्या पदवीसाठी प्रवेश मिळाला असून, त्याच सुमारास एका वर्ल्ड क्लास, म्हणजे सर्वांत वरच्या गटातल्या, ड्रम कोअरनेही (उन्हाळाभर फिरून स्पर्धा करणारे मार्चिंग पथक) तिला येत्या उन्हाळ्यासाठी जागा देऊ केली आहे. तिचे म्हणणे, “आई, कॉलेज कधीही करता येईल, हे बाविशीनंतर करता येणार नाही.” तिच्या बाबांचे म्हणणे, ज्यातून पदवी मिळत नाही त्यासाठी पाच हजार डॉलर भरून तीन महिने शाळांच्या जिममध्ये जमिनीवर झोपायचे, हे कुठल्या हिशोबात बसते? हॉर्नच्या भावी प्राध्यापकांनीही फारशी उत्सुकता दाखवली नाही. आम्ही काय करावे? — एक आई, ओहायो

उत्तर : तुमच्या मुलीचे वाक्य अर्धे खरे आहे, आणि त्या खऱ्या अर्ध्यापासूनच सुरुवात करू. ड्रम कोअर इंटरनॅशनल, म्हणजे डीसीआय, या संस्थेची पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९७२ साली विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर येथे झाली. तिच्या मुख्य स्पर्धेत वयाच्या बाविशीच्या आसपास दार बंद होते आणि त्या शेवटच्या उन्हाळ्याला मुले ‘एज-आउट’ म्हणतात. वयाचे बंधन नसलेली पथके आहेत, पण ती बहुतेक शनिवार-रविवारी सराव करतात आणि त्यांचा अनुभव निराळा असतो. न पटणारे अर्धे वाक्य कॉलेजविषयीचे आहे. कॉलेज कधीही करता येते हे खरे असले, तरी मिळालेली शिष्यवृत्ती आणि प्राध्यापकांच्या वर्गातली जागा वर्षभर राखून ठेवली जाईलच असे नाही. म्हणून ‘हे की ते’ असा प्रश्न मांडण्याऐवजी ‘कोणता उन्हाळा’ असा प्रश्न मांडावा, असे मला वाटते. तुमच्या घरातला वाद त्यानेच निम्मा मिटेल.

बाबांना कदाचित वाटत असेल की हा शाळेच्या बँडचाच मोठा अवतार आहे. तसे नाही. यात बासरी, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन यांना जागाच नाही. फक्त ब्रास म्हणजे पितळी फुंकवाद्ये, तालवाद्ये आणि कलर गार्ड, म्हणजे झेंडे फिरवत नाचणारा गट. दीडशेच्या आसपास मुले मे महिन्यात एकत्र राहायला येतात, काही आठवडे दिवसाचे दहा-बारा तास सराव करतात आणि मग ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत देशभर फिरत राहतात. रात्री बसमध्ये झोप, पहाटे एखाद्या शाळेच्या जिममध्ये उरलेली झोप, सकाळी पुन्हा मैदान. कॅलिफोर्नियातल्या कॉन्कर्डचे ब्लू डेव्हिल्स, तुमच्याच ओहायोतल्या कँटनचे ब्लूकोट्स, बॉस्टन क्रुसेडर्स ही या जगातली मोठी नावे. (कोअर हा शब्द इंग्रजीत लिहिताना शेवटी प आणि स ही दोन्ही अक्षरे येतात, उच्चारात दोन्ही गळतात. तुमच्या मुलीसमोर कुणी ‘कॉर्प्स’ म्हटले की तिचा चेहरा का पडतो, ते आता कळेल.)

आता या सगळ्या कष्टांतून संगीत किती शिकून होते, ते पाहू. डीसीआयच्या १०० गुणांपैकी ४० गुण एकूण परिणामासाठी, ३० दृश्य भागासाठी आणि ३० संगीतासाठी असतात. परिणामाच्या ४० गुणांत वादनाचा वाटा असतोच, तरी तुमची मुलगी उन्हाळाभर जितका वेळ वाजवण्यात घालवेल तितकाच पावले, अंतर आणि शरीराची ठेवण यांतही घालवेल. वाजवायचा कार्यक्रम एकच, तोही अकरा-बारा मिनिटांचा आणि पूर्ण पाठ केलेला. त्यातला प्रत्येक स्वर शेकडो वेळा घासला जातो. एखादी गोष्ट इतकी घासल्यावर काय होते याचा अनुभव कॉलेजच्या चार वर्षांत क्वचितच मिळतो, कारण तिथे दर काही आठवड्यांनी नव्या रचना समोर येतात आणि जुन्या बाजूला पडतात. मात्र स्वरलिपी पाहताक्षणी वाजवणे, कानाने स्वरांतर ओळखणे, सुरावटीखालची स्वरसंगती समजणे, पियानोवर साधी साथ करणे यांतले काहीही ड्रम कोअर शिकवत नाही, आणि शिकवण्याचा दावाही करत नाही. संगीत-शिक्षणाच्या पदवीत नेमके हेच असते. शिवाय सेमिस्टरअखेरची ज्युरी (परीक्षकांसमोरची वादन-परीक्षा), रिसायटल (स्वतःचा वादन-कार्यक्रम) आणि शेवटी एक संपूर्ण सेमिस्टर प्रत्यक्ष शाळेत शिकवण्याचे काम. सरकारी शाळेत बँडशिक्षक व्हायचे तर राज्याचा परवाना लागतो आणि त्याचा रूढ मार्ग पदवीतून जातो. ड्रम कोअरमध्ये घालवलेले उन्हाळे तिथे कामाला येतात, पण पदवीवर भर म्हणून.

प्राध्यापकांच्या थंडपणामागे वाद्याचे कारण असण्याची शक्यता मोठी आहे, आणि ते ऐकून घेण्यासारखे आहे. फ्रेंच हॉर्नचे व्हॉल्व्ह डाव्या हाताने दाबतात, उजवा हात भोंग्याच्या आत असतो आणि स्वर मागच्या बाजूला जातो. मेलोफोनचे व्हॉल्व्ह उजव्या हाताने दाबतात, बोटे ट्रम्पेटसारखी पडतात आणि भोंगा सरळ समोर रोखलेला असतो. एफ स्वरातल्या हॉर्नची नळी साधारण बारा फूट, मेलोफोनची त्याच्या जवळपास निम्मी. सर्वांत नाजूक फरक माउथपीसचा आहे: हॉर्नचे माउथपीस अरुंद कडेचे आणि नरसाळ्यासारखे खोल, तर मेलोफोनचे रुंद आणि वाटीसारखे. तीन महिने रोज कित्येक तास ओठ दुसऱ्याच कडेवर ठेवून मैदानभर पोचेल इतक्या जोराने वाजवल्यावर ओठांची सवय थोडी सरकतेच. ऑगस्टअखेरीस ऑर्केस्ट्राच्या जागा ठरवणाऱ्या ऑडिशन ऐकायला मी पुष्कळ वर्षे बसले आहे. ड्रम कोअरमधून आलेली मुले दारातून आत येतानाच ओळखू येतात: पाय मोज्यांच्या रेषेपर्यंत रापलेले, खांदे ताठ, श्वास खोल आणि पहिला स्वर अगदी ठाम. मग पानावर अत्यंत हळू वाजवायची ओळ येते, आणि तिथे स्वर उमटण्याआधी नुसती हवा ऐकू येते. हे कायमचे नुकसान नव्हे. काही आठवड्यांत ओठ परततात. पण ती ऑडिशन त्याच आठवड्यात असते, आणि डीसीआयच्या फायनल्स व कॉलेजचा पहिला दिवस यांच्यात बऱ्याचदा दहा-पंधरा दिवसांचेच अंतर असते.

म्हणून माझा सल्ला असा की तिने या वर्षी कॉलेजला जावे आणि ड्रम कोअर पुढच्या उन्हाळ्यात, म्हणजे पहिले वर्ष संपल्यावर, करावे. पहिल्या वर्षी प्राध्यापकांची तिच्याशी ओळख झालेली असेल, ओठांची घडी बसलेली असेल, आणि ‘मला हे करायचे आहे, तर हॉर्न कसा सांभाळू?’ असे ती त्यांनाच विचारू शकेल. मग विरोध करणारा माणूस बहुधा उपाय सांगू लागतो. उन्हाळ्यात पथकाची परवानगी असेल तर हॉर्न सोबत न्यावा आणि विश्रांतीच्या दिवशी वीस मिनिटे फक्त हळू, खालचे, लांब स्वर वाजवावेत. दुसऱ्या वर्षानंतरचा उन्हाळाही चालेल. शाळेत शिकवण्याच्या सेमिस्टरला लागून असलेला उन्हाळा मात्र टाळावा, कारण त्या काळात थकलेले शरीर घेऊन वर्गासमोर उभे राहणे मुलांवरही अन्याय करणारे आहे. यंदाची जागा सोडल्यावर पुढच्या वर्षी पुन्हा ऑडिशन द्यावी लागेल, आणि जागा मिळेलच असे नाही, हे मी लपवत नाही.

पैशांबाबत बाबांची बाजू मजबूत आहे. वर्ल्ड क्लासचे शुल्क बहुधा चार ते सहा हजार डॉलरच्या घरात असते. हिवाळ्यातल्या शिबिरांचा प्रवास, बूट आणि हातमोजे निराळे. सही करण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी विचाराव्यात: दुखापत झाली किंवा हंगामच रद्द झाला तर किती पैसे परत मिळतात, आणि मुलांच्या सुरक्षिततेची तक्रार पथकाबाहेरच्या कोणाकडे करता येते. हे प्रश्न उगाच नाहीत. सांता क्लारा व्हॅनगार्ड या नामांकित संस्थेचे वर्ल्ड क्लास पथक आर्थिक अडचणींमुळे २०२३ च्या हंगामात उतरले नाही, आणि १९३४ पासून चालत आलेले द कॅडेट्स हे पथक २०२४ मध्ये बंद पडले.

प्रश्न : मॅडम, मी तालवाद्य-वादनाच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षात आहे, वय वीस. एका ड्रम कोअर पथकाच्या ड्रमलाइनमध्ये, म्हणजे चालत ड्रम वाजवणाऱ्यांच्या रांगेत, स्नेअर ड्रमसाठी माझी निवड होण्याची शक्यता आहे. आमच्या विद्यापीठात क्वार्टर पद्धत असल्यामुळे परीक्षा जूनच्या मध्यापर्यंत चालतात, आणि पथक मेमध्येच हजर व्हायला सांगते. माझ्या गुरूंना मी उन्हाळी संगीत महोत्सवाला जावे असे वाटते. मी एक क्वार्टर सोडू का? — एक विद्यार्थी, कॅलिफोर्निया

उत्तर : सोडू नकोस. एक क्वार्टर सोडणे म्हणजे दहा आठवडे इतकेच नसते. संगीत सिद्धांताचे वर्ग एकापुढे एक असे साखळीने येतात; त्यातला एक चुकला तर तो पुन्हा लागेपर्यंत वर्ष जाऊ शकते, आणि आर्थिक मदतीच्या अटींतही गुंता होतो. आधी पथकाला स्पष्ट विचार की परीक्षेपर्यंत उशिरा आलेले चालेल का. क्वार्टर पद्धतीतला तू काही त्यांच्याकडे आलेला पहिला मुलगा नसशील. उत्तर ‘नाही’ आले, तर यंदाचे पथक सोड.

दुसरी गोष्ट थोडी कडू आहे. मार्चिंग स्नेअरचे केव्हलारचे, म्हणजे चिवट कृत्रिम धाग्याचे, कातडे इतके ताणलेले असते की काठी आपसूक उसळते, आणि उन्हाळाभर तुझे हात त्या उसळीवरच पोसले जातील. ते फार वेगवान होतील यात शंका नाही. पण ऑर्केस्ट्राच्या स्नेअरवर, जिथे एक लांब, कुजबुजल्यासारखा रोल वाजवायचा असतो, तिथे ही उसळ मदतीला येत नाही. टिंपनी (मोठे नगारे) सुरात लावणे आणि मारिम्बावर (लाकडी पट्ट्यांचे वाद्य) चार काठ्या चालवणे हेही उन्हाळाभर बाजूला राहील. तुझी पदवी वादनाची आहे, म्हणून गुरूंच्या म्हणण्याला मी अधिक वजन देते. तू मारिम्बासाठी फ्रंट एन्सेम्बलमध्ये, म्हणजे मैदानाच्या कडेला उभ्या राहून वाजवणाऱ्या गटात निवडला गेला असतास, तर माझे उत्तर कदाचित वेगळे असते. तिथे चार काठ्यांचे काम रोज होते.

ड्रमलाइनची ओढ सुटतच नसेल तर हिवाळ्यातली इनडोअर पथके पाहा. त्यांचा सराव प्रामुख्याने शनिवार-रविवारी होतो आणि डब्ल्यूजीआय या संस्थेची त्यांची अंतिम स्पर्धा एप्रिलमध्ये ओहायोतल्या डेटन येथे असते. शनिवार-रविवार जातील, पण क्वार्टर वाचेल.

प्रश्न : मुलगा ड्रम कोअरच्या ड्रमलाइनमध्ये उभा राहतो. त्याच्या कानांची काळजी कशी घ्यावी? — एक वडील, टेक्सास

उत्तर : नायॉश या अमेरिकन सरकारी संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास चालतो, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटे उरतात, आणि ड्रमलाइनच्या मधोमध तो आकडा सहज गाठला जातो. कापसाचे बोळे निरुपयोगी आहेत. ऑडिओलॉजिस्टकडून कानाच्या मापाचे, संगीतकारांसाठीचे इअरप्लग करून घ्यावेत. ते सगळ्या पट्टीतला आवाज साधारण सारखाच कमी करतात, त्यामुळे शेजाऱ्याचा ताल ऐकू येत राहतो आणि मुलगा ते काढून खिशात टाकत नाही. घडवायला वेळ लागतो, म्हणून एप्रिलमध्येच जावे. त्याच भेटीत श्रवणचाचणी करून तिचा कागद जपून ठेवावा आणि ऑगस्टमध्ये मुलगा परतला की तीच चाचणी पुन्हा करावी. सरावानंतर कानांत शिट्टी वाजते असे तो फोनवर म्हणाला, तर ऑगस्टची वाट पाहू नये.