परदेशात प्रोफेशनल झालेला पोरगा ड्राफ्टसाठी जोखायचा कसा? वाचकांचे प्रश्न

एनबीए ही अमेरिकेतली बास्केटबॉलची मोठी लीग. तिचे संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात तो ड्राफ्ट जूनमध्ये असतो आणि एप्रिलपासून माझ्याकडे तेच प्रश्न यायला लागतात. शाळा संपल्यावर कॉलेजला न जाता एखादा मुलगा परदेशी क्लबकडून पैसे घेऊन खेळला, तर त्याचं मोजमाप कसं करायचं? दरवर्षी मुलाचं नाव तेवढं बदलतं. आलेल्या पत्रांतले काही प्रश्न घेतो; लांबलचक होते ते कापले आहेत.

अठराव्या वर्षी थेट एनबीएत जाता येतं का? परदेशात वर्षभर खेळलं की वयाची अट सुटते म्हणे. (नाशिक)

सुटत नाही. २००६ च्या ड्राफ्टपासून नियम असा आहे की ड्राफ्टच्या वर्षात मुलाला १९ वर्षं पूर्ण व्हायला हवीत, आणि अमेरिकी मुलाची शाळेची तुकडी बाहेर पडून एक वर्ष उलटलेलं हवं. ते वर्ष कुठे घालवायचं एवढंच त्याच्या हातात असतं.

ब्रँडन जेनिंग्ज रोममध्ये सामन्याला जेमतेम साडेपाच गुण काढत होता. तरी मिलवॉकीने त्याला २००९ मध्ये दहाव्या क्रमांकावर घेतलं. आमच्या ग्रुपमधल्या जाणकारांच्या मते तो निव्वळ जुगार होता. तुमचं मत? (ठाणे)

तुमच्या जाणकारांना विचारा, साडेपाच गुण किती मिनिटांत? उत्तर आलं नाही तर ग्रुप थोडे दिवस म्यूट करा.

जेनिंग्ज २००८ मध्ये ॲरिझोना विद्यापीठात जाणार होता. तो बेत बदलून तो लोट्टोमॅटिका रोमाकडून खेळायला इटलीला गेला. हा क्लब इटलीच्या पहिल्या श्रेणीत आणि शिवाय युरोलीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेत, खेळत होता. तिथे त्याला लीगच्या सामन्यात साधारण १७ मिनिटं मिळायची. पूर्ण सामन्याच्या, म्हणजे ४० मिनिटांच्या हिशेबाने ते १३ गुणांच्या आसपास जातात. पण हा हिशेबही डोळे झाकून घेऊ नका. बेंचवरून येणारा पोरगा बऱ्याचदा समोरच्या बेंचविरुद्ध खेळत असतो, आणि १७ मिनिटं जोर लावणारा ४० मिनिटं तसाच पळेल याची खात्री कोण देणार?

मुळात युरोपातल्या प्रशिक्षकाची गरज समजून घ्या. तिथला हंगाम म्हणजे मुलांना शिकवायचं शिबिर नव्हे. चार सामने हरले की प्रशिक्षकाची खुर्ची डळमळते. असा माणूस एकोणीस वर्षांच्या पॉइंट गार्डला, म्हणजे चाली रचणाऱ्या खेळाडूला, हातात चेंडू देऊन 'चुका कर, शीक' म्हणणार नाही. दोनदा चेंडू गमावला (टर्नओव्हर) की पोरगा बाहेर आणि तिशीतला अनुभवी गार्ड आत. त्या मुलाला कोपऱ्यात उभं राहायचं, चेंडू आला तर मारायचा आणि नाही आला तर गप्प बचाव करायचा, एवढंच काम असतं. अशा कामात गुण कुठून येणार?

म्हणून त्या १७ मिनिटांत गुण सोडून बाकी सगळं बघायचं. समोरचा गार्ड अंगावर आला की हा डाव्या हाताने चेंडू पुढे नेतो का? पिक अँड रोलमध्ये (सहकारी बचावपटूची वाट अडवून मग बास्केटकडे वळतो ती चाल) बचावाच्या मदतीला कोण येतंय हे त्याला आधी दिसतं की पास अडल्यावर कळतं? बचावात प्रतिस्पर्धी त्याला हेरून त्याच्यावरच हल्ला करतात का? आणि एक गोष्ट मी नेहमी बघतो: चूक झाल्यावरचा पुढचा पझेशन, म्हणजे चेंडूची पुढची पाळी. काही मुलं लगेच बेंचकडे नजर टाकतात, काही धावत परत बचावाला जातात. आकड्यांच्या तक्त्यात हा रकाना नसतो.

आता दुसरी बाजू. जेनिंग्जची नेमबाजी रोममध्ये कच्ची होती. नोव्हेंबर २००९ मध्ये त्याने गोल्डन स्टेटविरुद्ध एका रात्रीत ५५ गुण ठोकले आणि सगळ्यांनी रोम विसरून टाकलं. पण त्या पहिल्या हंगामात त्याचे शंभरातले ३७ शॉटच आत गेले होते, आणि पुढेही त्याची नेमबाजी कधी पक्की झाली नाही. म्हणजे रोमच्या तक्त्याने गुणांबाबत फसवलं, नेमबाजीबाबत खरं सांगितलं होतं. एकाच कागदावरचा कुठला आकडा भूमिकेमुळे दबलाय आणि कुठला मुलाचा स्वतःचा आहे हे वेगळं काढणं, यालाच स्काऊटिंग म्हणतात. ते ग्रुपवर होत नाही.

उलटा नमुनाही पाहा. इमॅन्युएल मुडिआय २०१४ मध्ये चीनच्या ग्वांगडाँगकडे गेला आणि तिथे सामन्याला १८ गुण काढले. लोक हुरळले. पण चीनच्या लीगमध्ये परदेशी खेळाडूला आणतात तेच गुण काढायला. चेंडू त्याच्याच हातात असतो. घोटा दुखावल्यामुळे त्याचे साखळीतले सामने भरले दहा. त्यात फ्री थ्रोची (फाउलनंतर मिळणाऱ्या, कोणी अडवत नसलेल्या शॉटची) टक्केवारी साठच्याही खाली. डेन्व्हरने त्याला २०१५ मध्ये सातव्या क्रमांकावर घेतलं, आणि पहिल्या हंगामात त्याचे शॉट आत जायचं प्रमाण ३६ टक्के निघालं. रोमचे साडेपाच आणि ग्वांगडाँगचे अठरा शेजारी ठेवून कोण मोठा हे ठरवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. गुणांची सरासरी शेवटी बघायची, आणि तीही ज्याने त्या क्लबचे दहा तरी सामने पूर्ण पाहिलेत अशा माणसाला सोबत बसवून.

मग लमेलो बॉलचं काय? ऑस्ट्रेलियात तीन गुणांचे शॉट फक्त २५ टक्के, आणि एनबीएत पहिल्याच वर्षी ३५. नेमबाजीचा आकडा खरं सांगतो म्हणता, तो इथे खोटा कसा पडला? (पुणे)

चांगलं पकडलंत. बॉल २०१९-२० मध्ये इलावारा हॉक्सकडून खेळला, पण सामने फक्त १२. बारा सामन्यांत तीन गुणांचे चार शॉट इकडचे तिकडे झाले तरी टक्केवारी हलते. शिवाय तो मारत काय होता ते बघा: ड्रिबल करत येऊन, बचावपटू अंगावर असताना, तीन गुणांच्या रेषेच्या बऱ्याच मागून. एवढे वाईट शॉट निवडले की हात कितीही चांगला असो, आकडा पडणारच. फ्री थ्रो मात्र ७२ टक्के होते. ते उत्तम नाहीत, पण हात मोडका नाही एवढं त्यातून कळत होतं. आणि सामन्याला ६.८ असिस्ट (बास्केट करून देणारे पास), ७.६ रिबाउंड (चुकलेल्या शॉटवर मिळवलेले चेंडू) हे अठरा वर्षांच्या गार्डचे आकडे होते, मोठ्या माणसांच्या लीगमध्ये. शार्लटने २०२० मध्ये तिसऱ्या क्रमांकावर घेतलं ते यासाठी. पुढच्या वर्षी तो सर्वोत्तम नवोदित ठरला.

रेषेचंही एक लक्षात ठेवा. फिबाच्या, म्हणजे जागतिक बास्केटबॉल महासंघाच्या नियमात ती ६.७५ मीटरवर असते, एनबीएत समोरून ७.२४ वर. कोपऱ्यात मात्र फरक फक्त १० सेंटिमीटरचा, ६.६० आणि ६.७०. त्यामुळे कोपऱ्यातून मारणाऱ्याचा आकडा बऱ्यापैकी टिकतो, समोरून मारणाऱ्याचा तपासून घ्यावा लागतो. शॉटची ढब टिकेल की बदलावी लागेल हे शूटिंग कोचला विचारा. टीव्हीवरून मनगट वाचता येत नाही.

मॉक ड्राफ्टमध्ये (ड्राफ्टआधी छापतात त्या अंदाजी यादीत) एकच मुलगा एका ठिकाणी पाचवा, दुसरीकडे विसावा. कोणाचं खरं? (कोल्हापूर)

दोघांचंही नाही.

कुठली लीग सगळ्यात भरवशाची? एकदा क्रम लावून द्या. (मडगाव)

युरोलीग वर, यात वाद नाही. त्याखाली स्पेनची लीग. पुढचा क्रम मी लावणार नाही, कारण तुम्ही तो कापून ठेवाल आणि दोन वर्षांनी माझ्याच तोंडावर माराल. रणजीतलं शतक आणि क्लबच्या मैदानावरचं शतक एक नव्हे, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. इथेही तेवढंच तारतम्य हवं. लुका डॉन्चिच १९ वर्षांचा असताना २०१८ मध्ये रेआल माद्रिदकडून युरोलीग जिंकला आणि त्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडूही ठरला. त्यानंतरही दोन संघांनी त्याच्याआधी दुसऱ्याला निवडलं. याउलट यानिस अंतेतोकुम्पो ग्रीसच्या दुसऱ्या श्रेणीतून आला आणि २०१३ मध्ये पंधराव्या क्रमांकावर गेला. लीग कुठली यापेक्षा त्या लीगमध्ये त्या वयाची आणखी किती मुलं खेळतायत, हे विचारा.

दुखापत झाली की ही मुलं हंगाम सोडून घरी येतात. ड्राफ्टमधली किंमत वाचवायचं नाटक असतं का? (सोलापूर)

असेल किंवा नसेल. सोलापुरात बसून तुम्हाला आणि इथे बसून मला ते कळणार नाही. बॉलचा पाय, न्यूझीलंडमध्ये आर. जे. हॅम्प्टनचा खुबा, मुडिआयचा घोटा, प्रत्येक वेळी हीच कुजबुज झाली. मुका मार आणि हाडाला गेलेली बारीक चीर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो एमआरआय बघून ऑर्थोपेडिक डॉक्टर सांगतात. शिकागोत मे महिन्यात कम्बाइन, म्हणजे ड्राफ्टआधीचं चाचणी शिबिर भरतं, तिथली वैद्यकीय तपासणी संघ याचसाठी बघतात. तुमच्या घरात कोणी खेळत असेल आणि पाय दोन आठवड्यांत बरा वाटत नसेल, तर मलम चोळत बसू नका.

भाचा १७ वर्षांचा, उंची साडेसहा फूट. स्पर्धेत एका गृहस्थांनी पाहिलं आणि युरोपच्या क्लबमध्ये लावून देतो म्हणाले. व्हिडिओ बनवण्याचे आणि 'नोंदणी'चे मिळून चार लाख मागतात. द्यावेत का? (नागपूर)

नाही. एक रुपयाही नाही.

ही पत्रं वाढत चालली आहेत म्हणून जरा खडसावूनच सांगतो. एक, १८ वर्षांखालच्या खेळाडूला एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे पाठवायला फिबाची मुळात मनाई आहे. अपवाद असतात, पण ते फिबा स्वतः तपासून देते, गृहस्थ नव्हे. दोन, दुसऱ्या देशात खेळायला आपल्या महासंघाकडून लेटर ऑफ क्लिअरन्स (ना-हरकत पत्र) लागतं. त्याबद्दल ते एक शब्द बोलले का? तीन, खऱ्या एजंटाकडे फिबाचा परवाना असतो आणि परवानाधारकांची यादी कोणालाही बघता येते. त्याची कमाई झालेल्या करारातून येते, आईबापांच्या मुदत ठेवीतून नाही. आधी पैसे मागितले, तिथेच विषय संपवा.

आणि तो व्हिडिओ! तीन मिनिटांचा, मागे ढणढणतं संगीत, आठ डंक, सहा ब्लॉक. त्यात तुमच्या भाच्याचा एकही चुकलेला शॉट नसेल, एकही वेळ तो बचावात मागे पडलेला नसेल. कुठल्याही क्लबचा माणूस तो तीस सेकंदांत बंद करतो. द्यायचंच असेल तर पूर्ण सामन्याचं चित्रीकरण द्या, न कापता, मोबाइल गॅलरीत उंचावर स्टँडला लावून. दोन सामने पुरेत, त्यातला एक हरलेला. चेंडू दुसऱ्याच्या हातात असताना पोरगा काय करतो, ते त्यात दिसतं. खर्च शून्य. मग जिल्हा किंवा राज्य संघटनेच्या प्रशिक्षकाला ते दाखवून त्याचं खरं मत घ्या. शाळा मात्र सोडवू नका.

सतनाम सिंग एनबीएत खेळलेला पहिला भारतीय ना? तोही असाच परदेशातून गेला? (औरंगाबाद)

दोन्ही चूक. डॅलसने त्याला २०१५ मध्ये ५२ व्या क्रमांकावर निवडलं. ड्राफ्ट झालेला तो भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. एनबीएच्या मुख्य हंगामातला सामना त्याला मिळाला नाही. आणि तो परदेशी क्लबकडून नव्हे, फ्लोरिडातल्या आयएमजी अकादमीतून ड्राफ्टला गेला होता. पंजाबातल्या बल्लो के गावातून तो तिथे पोहोचला, ही गोष्ट मोठीच आहे. तिला तिखटमीठ लावायची गरज नाही.

आम्ही न्यू जर्सीत असतो. मुलगा अकरावीत, चांगला खेळतो. कॉलेज की ऑस्ट्रेलियाचा क्लब, यावर घरात रोज वाद. (एडिसन)

ताई, जेनिंग्जच्या वेळी कॉलेजात एक डॉलर घेता येत नव्हता, म्हणून परदेशाची वाट आकर्षक होती. जुलै २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना आपल्या नावावर पैसे मिळवता येतात, आणि २०२५ पासून कॉलेजं स्वतःही देऊ लागली आहेत. एनबीएने याच वयोगटासाठी काढलेला इग्नाइट संघ २०२४ मध्ये बंद झाला तो याच बदलामुळे. त्यामुळे नुसत्या पैशासाठी सिडनी-पर्थ गाठायचं कारण उरलेलं नाही. मोठ्या माणसांविरुद्ध खेळून शरीर आणि खेळ पक्का करायचा, हे कारण अजून आहे. पण अकरावीतल्या किती मुलांचा खेळ तिथवर पोहोचलेला असतो?

तीन कामं आधी करा. तुम्ही किंवा मुलगा नागरिक नसाल तर व्हिसावर असताना खेळातून पैसे घेता येतात का, हे इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. यात शेजाऱ्याचा सल्ला चालत नाही. प्रोफेशनल करारानंतर कॉलेजचं दार कितपत उघडं राहतं ते कॉलेजच्या कम्प्लायन्स ऑफिसकडून (खेळाडूंचे नियम पाहणाऱ्या कचेरीकडून) लेखी घ्या, कारण नियम सैल होतायत, पण माणसागणिक वेगळे लागू होतात. आणि क्लबच्या करारातलं बायआउटचं कलम वाचा. उद्या एनबीएच्या संघाने बोलावलं तर सोडून जायला किती रक्कम भरायची, ते त्यात लिहिलेलं असतं. एनबीएचा संघ त्यातली ठराविक मर्यादेपर्यंतच देऊ शकतो, वरची खेळाडूच्या खिशातून जाते. ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत निवड झाली तर पहिल्या दोन वर्षांच्या पगाराची हमी असते. दुसऱ्या फेरीत तसली हमी आपोआप मिळत नाही, आणि तेव्हा बायआउटचा आकडा फार टोचतो. करार माझ्याकडे पाठवू नका, सहीच्या आधी खेळाच्या करारांतल्या वकिलाकडे पाठवा.