पहिलं बाळ इन्फेक्शनमुळे सातव्या महिन्यात आलं. या वेळी आधीच अँटिबायोटिक घेतलं तर चालेल का?

नाही ताई, मनाने घेऊ नका. तुम्हाला तिसरा महिना लागलाय म्हणता, म्हणजे हातात वेळ आहे. मी डॉक्टर नाही. पण माझा मोठा मुलगा याच कारणाने तिसाव्या आठवड्यात झाला, म्हणून लिहिते.

ब्रिटनमध्ये 'ओरॅकल' नावाचा मोठा अभ्यास झाला होता. बाळाभोवतीचं पाणी न जाताच लवकर कळा सुरू झालेल्या बायकांना अँटिबायोटिक दिलं, तर दिवस काही लांबले नाहीत. २००८ साली त्यांच्या सात वर्षांच्या मुलांची माहिती घेतली, तेव्हा औषध घेतलेल्यांच्या मुलांमध्ये सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचाली बिघडणं, जास्त दिसली. पाणी लवकर गेलं असेल किंवा तपासणीत जंतू सापडले असतील, तर गोष्ट वेगळी. तेव्हा डॉक्टर देतील तो कोर्स पूर्ण करायचाच.

मग करायचं काय? पहिलं म्हणजे लघवीचं कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघायची तपासणी. साध्या लघवीच्या रिपोर्टवर थांबू नका. जळजळ नाही, ताप नाही, तरी लघवीत जंतू असू शकतात. दुसऱ्या वेळी माझ्या कल्चरमध्ये ते निघाले, आणि मला कसलाही त्रास नव्हता. कोर्स झाल्यावर पुन्हा कल्चर केलं.

दुसरं, गर्भपिशवीच्या तोंडाची लांबी. जंतू बहुतेकदा योनीमार्गातून वर चढतात. बाळाभोवतीच्या पडद्याला सूज येते, त्यातून शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होतं, पिशवीचं तोंड मऊ पडतं, कळा सुरू होतात. तोंड आखूड असेल तर जंतूंची वाट सोपी होते. म्हणून आधी लवकर बाळंतपण झालेल्यांनी सोळाव्या आठवड्यापासून आतून सोनोग्राफी करून ही लांबी बघायला सांगावं. पंचवीस मिलिमीटरच्या खाली गेली तर पिशवीच्या तोंडाला टाका किंवा प्रोजेस्टेरॉन या हार्मोनच्या औषधाचा विचार होतो. माझी बावीस भरली होती. टाका घातला, सदतिसाव्या आठवड्यात काढला, आणि धाकटी पुऱ्या दिवसांची झाली.

वास येणारं, हिरवट-पिवळं पाणी जात असेल, खाज असेल, तर लाजू नका, दाखवा. आतून धुवायची लिक्विडं वापरू नका. मिश्री लावत असाल तर आजच बंद करा, बाळाचं वजन कमी भरायला तीही कारण ठरते.

आणि पाणी गेलं तर! पहिल्या वेळी माझ्या डोहाळजेवणाच्या दिवशी साडी ओली झाली. मला वाटलं लघवीच झाली असेल, जावेलाही तसंच वाटलं. ओटी भरून घेतली, पंगत उठेपर्यंत बसून राहिले. रात्री थंडी वाजून ताप आला तेव्हा पुण्यातल्या धायरीहून हॉस्पिटलला निघालो. ते सहा-सात तास मला अजून आठवतात. बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, त्यांचा पूर्ण गुण यायला साधारण चोवीस तास लागतात, आणि तेवढा वेळ आम्हाला मिळालाच नाही. मुलगा सहा आठवडे काचेच्या पेटीत होता. आज तो पाचवीत आहे.

म्हणून नाव नोंदवताना एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, त्याच हॉस्पिटलमध्ये आहे ना, हे विचारून घ्या. संध्याकाळच्या सिंहगड रोडवर बाळाला एका दवाखान्यातून दुसरीकडे न्यायची वेळ यायला नको. आणि पहिल्या भेटीला मागचं डिस्चार्ज कार्ड न्या. वार तपासायला पाठवली असेल तर तो रिपोर्टही शोधून ठेवा, इन्फेक्शन खरंच होतं का ते त्यात लिहिलेलं असतं.